बटण मुलाच्या हातात

सकाळी ६.३०, सातारा एसटी स्टँड

गर्दी वाढायच्या आत कॅमेरा लावून घेते. मुठीत मावेल एवढा, पुढे आणि मागे एकेक भिंग असलेला हा कॅमेरा चारी दिशा आणि डोक्यावरचं छतसुद्धा एकाच वेळी टिपतो. त्यामुळे तो स्टँडवर उभा केला की मला खांबाआड जावं लागतं, नाहीतर चित्रात मीच दिसत राहते. वाहतूक नियंत्रकांची परवानगी आधीच काढलेली आहे. तरी येणारी-जाणारी माणसं थांबतातच.

"कसलं शूटिंग हाय व्हय ताई?" एका कंडक्टरनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. सोळा वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. त्याला एकट्यानं कराडला मावशीकडे जायचंय, पण स्टँडवर आला की कान दाबून खाली बसतो. त्याला हा स्टँड आधी एका खोलीत दाखवायचा आहे. कंडक्टर जरा विचार करून म्हणाले, "मग गाडी फलाटाला लागताना घ्या. ब्रेकची हवा सुटती ना फुस्सकन, नवी माणसंबी दचकत्यात."

त्यांचा अंदाज अचूक होता. मुलाची आई म्हणते, तो गर्दीला घाबरतो. तो स्वतः मोबाइलवर टाइप करून सांगतो, गर्दी चालते, एकदम येणारा आवाज चालत नाही. म्हणून ब्रेकचा आवाज मी पुन्हा पुन्हा टिपला, फलाटाची घोषणा वेगळी टिपली आणि फेरीवाल्यांचा गलका वेगळा. हे आवाज एकमेकांत मिसळलेले असले तर माझ्या काही उपयोगाचे नाहीत. एकेक कमी-जास्त करता आला पाहिजे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आठवड्यातले काही दिवस साताऱ्यात, काही सांगलीत आणि आजच्यासारखा एखादा दिवस दोन्हीकडे.

सकाळी ९

माझी साताऱ्यातली खोली लावायला तासभर लागतो. बाहेरच्या माणसाला इथं फारसं काही दिसणार नाही. पांढऱ्या तीन भिंती, छताला टांगलेला प्रोजेक्टर, कोपऱ्यात पाण्याच्या बुडबुड्यांची उंच नळी, प्रकाशाच्या मऊ तारांचा झुबका, कापडी झोळीचा झोका, जाड गोधड्या आणि खिडकीला काळा पडदा. मी मात्र आधी नको असलेल्या गोष्टी शोधते. जुनी ट्यूबलाइट बारीक लुकलुकत होती, ती काढली. प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर आपल्या कानाला जाणवत नाही, पण इथं येणाऱ्या काही मुलांना दुसरं काही ऐकूच येत नाही, म्हणून तो दूर सरकवून छताला लावला. फरशी फिनेलने पुसत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू कुकर नऊच्या आत लावून मोकळ्या होतात आणि उदबत्तीही गॅलरीत लावतात. त्यांच्या या उपकाराशिवाय माझी यंत्रं कुचकामी ठरली असती. शेवटी इन्व्हर्टर तपासते. अंधारात एकाग्र झालेल्या मुलाची निळी नळी मध्येच विझली तर त्या दिवसाचं काम तिथंच संपतं.

अशी खोली पहिल्यांदा तयार झाली नेदरलँड्समध्ये, १९७०च्या दशकात. हार्टेनबर्ग संस्थेत यान हुल्सेखे आणि आड फेरह्यूल या दोघांनी तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसाठी प्रकाश, आवाज, वास आणि स्पर्श यांची एक निवांत जागा केली आणि तिला 'स्नूझलेन' म्हटलं. तिकडे अमेरिकेत जीन आयर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने संवेदनांच्या एकात्मीकरणाचा सिद्धांत मांडला होता, १९७२ साली तिचं पुस्तक आलं. तरीही ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत संवेदनांच्या अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसादाला जागा मिळायला २०१३ उजाडलं, तेव्हा डीएसएम-५ ही नियमावली आली. म्हणजे लुगड्याचा काठ टोचतो म्हणून आजीच्या मांडीवर न बसणारं मूल हट्टी नाही, त्याला खरंच टोचतंय, ही गोष्ट नियमावलीत यायला एवढा काळ गेला.

सकाळी १०

चार वर्षांचा एक मुलगा कोरेगाव तालुक्यातून आज्जीबरोबर येतो. अंगणवाडीतल्या तपासणीत पथकाच्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी त्याला जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं. ही तपासणी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली. तिच्यामुळे आमच्या भागातली मुलं आता पूर्वीपेक्षा लहान वयात कळू लागली आहेत, आणि याचं श्रेय मी अंगणवाडी ताईंना मोकळ्या मनानं देते.

कुठल्याही मुलाला या खोलीत आणण्याआधी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आकडी येते का? ऑटिझम असणाऱ्यांमध्ये अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं आणि झपझप लुकलुकणारा प्रकाश काहींना फिट आणू शकतो. हा प्रश्न न विचारता जो कोणी तुमच्या मुलाला रंगीत दिव्यांच्या खोलीत नेईल, त्याच्याकडे मूल पाठवू नका.

या मुलाला नळी आवडते. नळीसमोर तळहाताएवढं एक गोल बटण आहे, दाबलं की पाण्याचा रंग बदलतो. तो दाबत जातो, निळा आला की थांबतो. निळ्या पाण्याला गाल लावून उभा राहतो. चुकून रंग पुढे गेला की पुन्हा सगळी फेरी करून निळ्यावर येतो.

आज्जी दारातून बघत असतात. "सारखं निळंच लावतंय. बदल की रं, तांबडं लाव."

"आज्जी, राहू दे. त्याचं त्यालाच ठरवू दे."

"आवं पण घरी काय बी ठरवू देत न्हाई आमी त्याला. म्हणून म्हणतीया."

आज्जींनी सहज बोलता बोलता माझ्या कामाचा गाभा सांगून टाकला. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी ४ ते १२ वयाच्या ४१ स्वमग्न मुलांवर नेमकं हेच तपासलं. खोली तीच, उपकरणं तीच. एकदा नियंत्रण मुलाकडे, एकदा मोठ्या माणसाकडे. नियंत्रण मुलाकडे असताना मुलांचं लक्ष जास्त लागलं आणि त्याच त्या हालचाली कमी झाल्या. ज्या मुलाला दिवसभर जग अचानक येऊन आदळतं, त्याला एका जागी तरी पुढं काय होणार हे आधी ठाऊक असतं, कारण ते तोच घडवतो. असल्या खोल्यांबद्दलचा एकूण पुरावा अजून तोकडा आहे. त्यातून बरं-वाईट काय होतं यावर मी मोठे दावे करणार नाही. पण बटण कुणाच्या हातात असावं, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. दिवे शिक्षकानं लावायचे आणि मुलानं बसून बघायचे, अशा खोलीवर खर्च करू नये असंच मी कुणी विचारलं तर सांगते.

पाऊण तासानं मुलानं आज्जीचं बोट धरून आत आणलं आणि त्यांचा हात बटणावर ठेवला. आज्जींनी दाबलं, तांबडा आला. त्यानं तो राहू दिला.

सकाळी ११.३०

कराडला जायचंय तो मुलगा आला. सकाळचं चित्रीकरण एव्हाना संगणकावर चढलं आहे. डोक्याला लावायचा व्हीआर चष्मा आमच्याकडे आहे, पण लहान मुलांना मी तो देत नाही. बनवणाऱ्या कंपन्याच वयाची मर्यादा घालतात; मेटाच्या चष्म्यासाठी ती पूर्वी १३ वर्षं होती, २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली १० केली. हा मुलगा सोळाचा आहे, तरी त्याला चष्म्याचा पट्टा आवळतो. मग प्रोजेक्टर लावून तिन्ही भिंतींवर स्टँड उभा केला. तो मधोमध फिरत्या खुर्चीवर बसला.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या चमूनं याच पद्धतीची 'ब्लू रूम' वापरली आहे. चारी बाजूंनी पडदे, चष्मा नाही, सोबत थेरपिस्ट, आणि मुलाला ज्याची भीती वाटते तीच जागा पायरीपायरीनं समोर. कुणाला बसची भीती, कुणाला कुत्र्याची, कुणाला वर्गात बोलण्याची. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात मुलं फक्त ९ होती. त्यातल्या ८ जणांना खऱ्या जागी फरक जाणवला आणि ४ जणांची भीती पूर्ण गेली. पुढच्या, मोठ्या अभ्यासात यशाचं प्रमाण निम्म्याखाली राहिलं. मला हे आकडे प्रामाणिक वाटतात. आपल्याकडेही कोचीच्या एम्ब्राइट इन्फोटेक कंपनीनं 'ऑटिकेअर' नावाची प्रणाली विकसित केली आहे. पण साताऱ्याच्या मुलाला साताऱ्याचाच स्टँड लागतो. दुसऱ्या गावच्या बस, दुसऱ्या भाषेतली घोषणा पाहून त्याला इथला फलाट ओळखीचा कसा होईल? म्हणून पहाटे उठून खांबाआड उभं राहायचं.

आधी नुसतं चित्र, आवाज बंद. मग घोषणा, अगदी हलकी. आवाजाची फिरकी मुलाच्याच हातात. त्यानं ती हळूहळू वर नेली. मग ब्रेकचा तुकडा. पहिल्यांदा त्यानं चित्र थांबवलं, डोळे मिटले, खुर्ची भिंतीकडे वळवली. मी काही बोलले नाही. जरा वेळानं त्यानं तोच तुकडा मागे नेऊन परत लावला. पुन्हा थांबवला. पुन्हा मागे. असं बराच वेळ चाललं होतं आणि मला वाटू लागलं की आज इथंच थांबावं. तेवढ्यात त्यानं मोबाइल पुढे केला. लिहिलं होतं: "चाक पूर्ण थांबतं. मग आवाज. दर वेळी."

मी इतक्या वेळा एसटीनं फिरले, हे कधी पाहिलं नव्हतं. त्यानं चाकावर नजर ठेवली आणि ब्रेकचा आवाज त्याच्यापुरता अचानक राहिला नाही. पुढच्या वेळी चाक थांबताच त्यानं कानांवर हात ठेवले, आवाज झाला, हात काढले. गाडी मागे नेता येते, पुन्हा पुन्हा थांबवता येते, एवढ्यासाठीच हे तंत्रज्ञान हवं. खऱ्या स्टँडवर ही सवलत कुणी देत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही खऱ्या फलाटावर जाऊन उभे राहू. गाडीत बसायचं नाही, फक्त चाकं बघायची. सकाळच्या कंडक्टरांची ड्यूटी कधी असते, ते मी विचारून ठेवलं आहे.

दुपारी १ ते ३.३०

महामार्गानं उंब्रज, कराड, मग पेठ नाक्याला आत वळून इस्लामपूर, आष्टा, सांगली. गाडीतच भाकरी-भाजी खाल्ली. कराडजवळ थांबले तेव्हा माण तालुक्यातल्या एका वडिलांचा फोन घेतला. कुणीतरी त्यांना स्टेम सेल उपचारानं ऑटिझम बरा होतो असं सांगितलंय, ते रान विकायच्या विचारात आहेत. मी त्यांना स्पष्ट सांगितलं: दादा, २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असं सांगितलं आहे आणि तो करणं किंवा त्याचा प्रचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. जमीन विकू नका. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग काय करू ते तरी सांगा." सांगितलं. तुमच्याकडच्या घोंगडीनं सुरुवात करा. तिच्यात गुंडाळून घेणं त्याला आवडतं की टोचतं, एवढं बघा आणि मला कळवा.

ते निराश झाले असणार. रान विकून येणाऱ्या आशेपुढं घोंगडी फारच किरकोळ वाटते. पण अंगावरचा जड, सारखा दाब काहींना खरोखर शांत करतो. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न शास्त्रज्ञ महिलेनं तरुणपणी स्वतःसाठी असा दाब देणारं यंत्रच बनवलं होतं, गुरांना धरून ठेवणारा सापळा पाहून.

दुपारी ३.३०, सांगली

इथली खोली विश्रामबागेत, साताऱ्याच्या खोलीहून लहान, पण एका बाबतीत श्रीमंत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरानं तडा गेलेला एक तंबोरा आम्हाला देऊन टाकला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी मैफलींची आठवण काढली. माझ्या मुलांना मैफलीशी देणंघेणं नाही. ती भोपळ्याला कान, गाल, छाती लावून बसतात. तार छेडली की कंप हाडांत उतरतो आणि न तुटता, न दचकवता सावकाश विरतो. कंप देणाऱ्या खुर्च्या-गाद्या बाजारात मिळतात. मी एक वापरूनही पाहिली. मुलांनी तंबोरा निवडला.

वासाच्या कोपऱ्यात हळद आहे. एका मुलीचे वडील मार्केट यार्डात हळदीची पोती वाहतात. आईला वाटायचं, मुलगी कुणालाच जवळ येऊ देत नाही. ती वडिलांना येऊ देते, आणि तेही यार्डातून आल्यावर, अंघोळीआधी. हे लक्षात आल्यावर आईनं हळदीचं एक फडकं आपल्या पदराला बांधायला सुरुवात केली. त्यासाठी काही प्रोजेक्टर लागला नाही.

चार वाजता एक चोवीस वर्षांची तरुणी येते, एकटी, चालत. संध्याकाळी ती आईच्या पोळी-भाजी केंद्रावर पोळ्या मोजून बांधते. तिथल्या गलक्याआधी अर्धा तास तिला ही खोली हवी असते. प्रोजेक्टरबरोबर आलेली तयार चित्रं म्हणजे रंगीत मासे, फुगे, कार्टूनमधले ढग. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "मासे नकोत. मी मोठी आहे." आता तिच्यासाठी कास पठाराचं धुकं लावते, आवाज बंद ठेवून. कधी तेही नको असतं, नुसता अंधार आणि गोधडी. मग मी बाहेर बसते.

मोठ्या वयाच्या स्वमग्न माणसांची मला फार काळजी वाटते. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळतं, 'निरामय' विम्यात एक लाखापर्यंत खर्चाची सोय आहे. हे सगळं पालकांनी जरूर घ्यावं. पण अठरा ओलांडलेल्या माणसानं दुपारी चार वाजता कुठे जाऊन शांत बसायचं, याचं उत्तर यातल्या एकाही कागदात नाही. कार्यालयात, स्टँडवर, रुग्णालयात, नाट्यगृहात एकेक लहान, अंधारी, दार लावता येणारी खोली का असू नये? तिला दिवे-नळ्यांचीही गरज नाही.

संध्याकाळी ५.३०

श्रावण सरत आला आहे. गल्लीत गणपतीचे मंडप उभे राहू लागलेत आणि माझ्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा डॉल्बीची तयारी करायला येतो. गेल्या वर्षी मिरवणूक घरापुढं आली तेव्हा तो पलंगाखाली शिरला आणि रात्रीपर्यंत बाहेर आला नाही. त्याला गणपती आवडतो. आरती पाठ आहे, मोदक मोजून ठेवतो. फक्त भिंत हलवणारा तो आवाज नको.

भिंतीवर मिरवणूक लावली. आधी मूर्ती, गुलाल, लेझीम, सगळं मुकं. मग ढोल, लांबून आल्यासारखा. तो फिरकी दोनवर नेतो, हेडफोन कानाला लावतो, तीनवर नेतो, परत दोनवर येतो. तीनच्या वर मी त्याला नेणार नाही, कारण त्यापुढचा आवाज कुणाच्याच कानाला बरा नाही. भीती घालवायची म्हणून मुलाला अपायकारक गोष्टीची सवय लावणं मला मान्य नाही. त्याला मी एवढंच शिकवते आहे: आवाज येतोय हे कसं ओळखायचं, हेडफोन कुठे ठेवायचे, मागच्या खोलीत केव्हा जायचं आणि कुणाला कसं सांगायचं.

आज त्यांच्या गल्लीच्या मंडळाची दोन पोरं आली होती. मीच बोलावलं होतं. भिंतीवर त्यांचीच गेल्या वर्षीची मिरवणूक चालू होती. मुलगा फिरकी हातात धरून बसलेला. एका कार्यकर्त्यानं मला हळूच विचारलं, "ताई, ह्याला एवढा त्रास हुतो व्हय? आमाला कुणी बोललंच न्हाई." दुसऱ्यानं मुलाला विचारलं, "दोस्ता, तुझ्या दारापुढं किती ठेवायचा आवाज?" मुलानं फिरकी फिरवून एकवर आणली आणि त्याच्याकडे पाहिलं.

पोरांनी शब्द दिला आहे: त्याच्या घरापुढं फक्त टाळ आणि आरती.

संध्याकाळी ७.३०

नोंदी लिहिते. काय लावलं, कुणी थांबवलं, किती वेळानं परत लावलं. मग पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप. त्यात यंत्रांचा उल्लेख जवळजवळ नसतो. टेबलावर जुनी साडी टाकून खाली जागा करा, आत गोधडी आणि एक बॅटरी ठेवा, बॅटरीचं बटण त्याच्याकडे द्या, तो आत असताना कुणी वाकून हाक मारू नका. खोलीचं भाडं, प्रोजेक्टर, प्रवास हे सगळ्यांना झेपत नाही. टेबल आणि साडी घराघरात आहे.

गणपती जवळ आले आहेत, म्हणून वाचणाऱ्यांना एक मागणं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. ती पाळाच. शिवाय आपल्या मिरवणुकीच्या वाटेवर ऑटिझम असलेलं कुणी राहतं का, याची मंडळानं आत्ताच चौकशी करावी. राहत असेल तर मिरवणूक तिथून किती वाजता जाणार, ते आदल्या दिवशी त्या घरी जाऊन सांगावं आणि त्या दारापुढं डॉल्बी बंद ठेवावी.